मोहाच्या दिवसांतला गुडघा

मोह पडायला लागला की आमच्या घरच्या नातसुना खिडक्या उघडून ठेवतात. वास किती छान येतो, म्हणतात. मी माझ्या खोलीची खिडकी लावून घेते आणि डोकं दुखतं असं सांगते. डोकं दुखत नाही. पण माझ्या वयाच्या बाईला खिडकी का लावली हे कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. म्हातारपणाचा एवढा एक फायदा आहे.

मोहाचा वास झाडाखाली वेगळा, टोपलीत वेगळा आणि अंगणात वाळत घातल्यावर आणखी वेगळा. पहिल्या दिवशी फूल पांढरट पिवळं असतं, ओलं, फुगीर, दाताखाली फुटणारं. तिसऱ्या दिवशी ते मनुक्यासारखं सुरकुततं आणि अंगणभर गोड आंबूस दरवळ उठतो. महिनाभर मग केसांना तो वास, लुगड्याला तो वास, भात शिजवायच्या गंजालाही तोच. मला त्यात आणखी एक वास येतो, गरम तेलाचा आणि पुरुषाच्या घामाचा. तो घरात दुसऱ्या कोणाला येत नाही, कारण त्या खोलीत तेव्हा आम्ही दोघंच होतो, आणि त्यातले एक आता नाहीत.

मी चौथी शिकलेली बाई आहे. लिहिताना काना-मात्रा चुकतात, त्या नातवानं नीट केल्या आहेत. मजकुराला हात लावायचा नाही असं मी त्याला सांगितलं आहे.

आमच्या जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत. गडचिरोली हा त्यातलाच एक भाग, जिल्हा व्हायला पुष्कळ वर्षं होती. कुरखेड्याहून पायी निघालं तर अर्ध्या दिवसात माझं सासर. माझं लग्न तेराव्या वर्षी झालं, पंधराव्या वर्षी मी नांदायला आले. आले तेव्हा नवरा घरी नव्हता. नागपूरला कॉलेजात होता. आजूबाजूच्या गावांतून कॉलेजात गेलेला पहिलाच. तो फार हुशार होता असं मी म्हणणार नाही. हुशार होता, पण गेला तो हुतुतूवर. चांद्याला शाळांचे सामने होते, तिथं त्याचा खेळ पाहून नागपूरच्या एका कॉलेजच्या खेळाच्या मास्तरांनी त्याला नेलं. होस्टेलात जागा दिली. अट एकच, खेळतोस तोवर जागा.

वडशापर्यंत बैलगाडी, तिथून आगीनगाडी, नागभीडला गाडी बदलायची, मग नागपूर. वर्षातून दोनदा येणं. दिवाळीला आठ दिवस आणि उन्हाळ्यात. आला तरी सासऱ्यासमोर, सासूसमोर आम्ही एकमेकांशी बोलायचं नव्हतं. पदर कपाळापर्यंत ओढून ताट ठेवायचं आणि मागं फिरायचं. लग्नाला तीन वर्षं झाली तरी त्याचे पाय मला चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीचे होते. ताट ठेवताना पायच दिसतात.

त्यातलाच एक पाय मोडून तो होळीच्या आठ दिवस आधी घरी आला.

पौषात नागपूरला सामने होते. चढाईत परत फिरताना एकानं घोटा धरला, पाय पिळला गेला आणि त्याच पिळलेल्या पायावर दोघं पडले. ओला बांबू चिरल्यासारखा आवाज आला, असं तो सांगे. दवाखान्यात दीड महिना पाय पांढऱ्या चुन्याच्या साच्यात होता. साचा काढला तेव्हा गुडघा वाकेना. गाडीतून त्याला दोघांनी उतरवलं. धोतराखाली एक पाय होता आणि दुसरी नुसती काठी होती. सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला.

सोबत डॉक्टरचा कागद होता. त्यानं तो अंगणात सगळ्यांसमोर वाचून दाखवला. रोज सकाळी गुडघा गरम पाण्यानं शेकायचा. मग रोग्याला पालथं निजवून दुसऱ्या माणसानं टाच धरायची आणि ती मागं, कुल्ल्याकडं दाबायची. पन्नास वेळा. दुखलं तरी थांबायचं नाही. दीड-दोन महिन्यांत टाच मागं टेकली पाहिजे. तेवढ्यात झालं तर पाय पहिल्यासारखा होईल, नाहीतर आहे तिथंच धरून बसेल. ज्येष्ठात परत दाखवायला यायचं. पळता येत असेल तर होस्टेलातली जागा राखून ठेवू, असं खेळाच्या मास्तरांनी सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी सासऱ्यांनी करून पाहिलं. नांगर धरून दगड झालेले हात होते त्यांचे. तीनदा दाबलं, लेक उशीत तोंड खुपसून कण्हला, तर टाच सोडून सरळ गोठ्यात निघून गेले. दुसऱ्या दिवशी सासूबाई बसल्या. त्यांच्यानं तेवढंही झालं नाही. नुसतं तेल चोळलं, टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, आणि डोळे पुसत बाहेर आल्या. मी चुलीपाशी होते. मला म्हणाल्या,

“तू कर वं पोरी. आमच्या हातानं आमच्या लेकराले दुखवनं होत नाई. तू परक्याची हायेस, तुह्यानं होईल.”

त्यात टोमणा नव्हता. आमच्याकडं सून काही वर्षं परक्याचीच असते, हे सगळ्यांना ठाऊक असलेलं त्यांनी बोलून दाखवलं. आणि बरोबरच होतं. पहिले आठ दिवस माझ्यानं झालं.

ते दिवस मोहाचे. कोंबडा आरवायच्या आधी घर रिकामं व्हायचं. मोह रात्रीच्या शेवटी गळायला लागतो आणि ऊन चढेपर्यंत वेचून झाला नाही तर गुरं खातात, हरणं खातात, अस्वलही येतं. सासूबाई, सासरे, दोन्ही बाजूंची घरं, सगळे टोपल्या घेऊन रानात. दर घराची झाडं ठरलेली. मीही गेले असते, पण माझ्याकडं हे काम आलं, म्हणून त्या उन्हाळ्यात मी एक फूल वेचलं नाही. लाख फुलं पडली असतील.

सासूबाईंना विसापलीकडं मोजता येत नव्हतं. पन्नास म्हणजे त्यांच्या हिशेबात अडीच विसा. रोज निघण्याआधी त्या चिंचोक्यांच्या दोन विसा आणि एक अर्धी अशा ढिगल्या सुपात मांडत आणि सूप माझ्याजवळ ठेवत. एकदा टाच दाबली की एक चिंचोका सुपातून उचलून गडव्यात टाकायचा. परत आल्या की आधी सूप पाहायच्या. रिकामं असलं की लेकाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडकडा मोडायच्या. सूप रिकामं म्हणजे काम झालं. चिंचोके दुसऱ्याही रस्त्यानं गडव्यात जाऊ शकतात हे त्या बाईच्या मनात आलं नाही. आमच्या घरात तोवर कोणी कोणाला तसं फसवलं नव्हतं.

मी दाबायची. तो शेल्याचा बोळा दातात धरायचा. पाठीवर घाम असा फुटायचा की मणक्याच्या घळीतून ओघळ वाहायचा. पहिल्या दिवशी वितेनं मापून पाहिलं. टाच ते कुल्ला साडेतीन विता. आठव्या दिवशी तीन विता. सासऱ्यांना मी दारामागून सांगितलं, अर्धी वीत कमी झाली. त्यांनी दुपारी माझ्यासाठी रानातून चारोळ्या आणून चुलीपाशी ठेवल्या.

पण पन्नास वेळा दाबून झालं तरी माणसं रानातून यायला वेळ असायचा. तो उताणा व्हायचा, धापा टाकायचा. मी पाणी द्यायची. घरात कोणी नाही. मग बोलणं सुरू झालं. आधी तोच बोलला. नागपूरला नळ फिरवला की पाणी येतं. होस्टेलातली मुलं याला ‘झाडी’ म्हणतात, झाडीतून आला म्हणून. भात खातो किती म्हणून हसतात. मग खेळात त्यांनाच धरून पाडलं की हसत नाहीत. मला हसू आलं. तोंडावर पदर घेऊन हसले, तर म्हणाला पदर काढ, इथी कोन हाये. तीन वर्षांत नवऱ्यानं मला पहिल्यांदा पाहिलं ते त्या दिवशी. मीही त्याला. वरच्या ओठावर खूण होती, लहानपणी बैलानं शिंग मारल्याची. मला ती ठाऊकच नव्हती.

त्यानं माझं माहेरचं नाव विचारलं. पारू, मी म्हणाले. सासरी नाव बदललं होतं. त्यानंतर त्या खोलीत मी पारू होते आणि बाहेर दुसरी कोणी. तो मला जुन्या वर्तमानपत्रातलं वाचायला लावायचा. मी अडखळले की खाटेवरून टिचकी मारायचा. मी त्याला लाटा करून द्यायची, मोह भाजून चिंचोक्यांच्या कुटात कांडलेला. तो खात खात मला जोडाक्षरं सांगायचा.

लोक या वयात असलं काही लिहायला लाजतात. मी लाजत नाही. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस कोणते असं कोणी विचारलं तर तेच. म्हणून तर खिडकी लावते.

आठव्या दिवशी माप घेतल्यावर त्यानं पुढचं सांगितलं. ज्येष्ठात जाईन. दोन वर्षांत बी. ए. होईन. मग नोकरी, बहुतेक नागपुरातच. मी विचारलं, आणि मी? त्यानं विचार केला. खोटं बोलायची सवय नव्हती त्याला. म्हणाला,

“तुहं मंग पाहू.”

एवढंच. वाईट काही बोलला नाही. वीस वर्षांचा पोरगा, त्याला स्वतःचंच ठाऊक नव्हतं. मी त्याला पाणी दिलं, भांडं उचललं, चुलीपाशी गेले. दुसऱ्या दिवशी टाच धरली आणि चाळीसच्या पुढं गेले तेव्हा तो फार कण्हला. मी थांबले. सुपात दहा चिंचोके होते. ते मुठीत घेतले आणि आवाज होऊ न देता गडव्यात सोडले. “झाले,” मी म्हणाले.

त्या दिवसाबद्दल मी अजूनही स्वतःला सांगते की दया आली म्हणून थांबले. असेल, पहिल्या दिवशी दया असेल. दुसऱ्या दिवशीही मी चाळीसवर थांबले आणि त्या दिवशी तो कण्हलाच नव्हता.

तो पालथा, तोंड उशीत. मोजणं माझ्याकडं. दुखण्यानं डोकं गच्च झालेल्या माणसाला चाळीस आणि पन्नास कळत नाहीत. मग तीस केले. मग दाबणंही हलकं केलं, दिसायला दाबलं, लागायला नाही. त्याला बरं वाटू लागलं. एकदा उठून म्हणाला, आज लवकर झालं काऊन? मी म्हणाले, तुमाले सवय झाली आता, म्हणून. तो खूश झाला. संध्याकाळी अंगणात बापाला सांगत होता की आता दुखणं वाटतच नाही, मी पार सोसून घेतो. सासरे मान हलवत होते. मी आत भात उपसत होते. हात थरथरला नाही माझा. हे लिहून ठेवते, कारण खोटं बोलणाऱ्याचा हात थरथरतो असं लोक समजतात.

जुरीबाईनं मला धरलं होतं. ती टोल्यावरची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरची गोंडीण, तिची मोहाची झाडं आमच्या झाडांना लागून. सासूबाईंची जुनी सोबतीण. गोंड माणसं झाडाला हात जोडल्याशिवाय पहिलं फूल उचलत नाहीत. त्या सकाळी आमच्या घरातली एक रिकामी टोपली न्यायला ती अर्ध्यातून परत आली. मी खाटेच्या पायाशी बसले होते, तो काहीतरी सांगत होता आणि आम्ही दोघं हसत होतो. शेकायच्या पाण्याच्या भांड्यातून अजून वाफ निघत होती. तिनं सुपाकडं पाहिलं. सूप रिकामं होतं आणि अजून उजाडायचं होतं.

टोपली घेऊन ती दारापर्यंत गेली. वळून म्हणाली, “गुडघा हासून वाकत नाई, बाई.”

तो हसला. त्याला थट्टा वाटली. मला ठाऊक होतं ती थट्टा नाही. तिनं सासूबाईंना सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तिनं सांगितलं नाही. नव्या पोरीच्या संसारात तोंड घालू नये असं तिला वाटलं असेल. त्यानंतर दोन दिवस मी पुरे पन्नास केले, जोर लावून केले. तो ओरडला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, आज लाटा नाई केला का? मी लाटा केला आणि वीसवर थांबले.

मोह संपला. अंगण झाडून सासूबाईंनी वाळलेली फुलं मातीच्या कोठीत भरली. ज्येष्ठाच्या सुरुवातीला मी शेवटचं माप घेतलं. अडीच विता. एवढ्या दिवसांत साडेतीनच्या अडीच, त्यातली अर्धी वीत पहिल्या आठ दिवसांची.

सासरे त्याला गाडीत घालून वडशाला घेऊन गेले. आठ दिवसांनी दोघं परत आले. गाडीत त्याची लोखंडी पेटी होती. पेटी पाहिली आणि मला कळलं. पेटी होस्टेलात ठेवलेली होती.

काय झालं ते सासऱ्यांनी ओसरीवर सांगितलं. डॉक्टरनं पाय पाहिला, विचारलं, रोज केलं का? रोज केलं, तो म्हणाला. पन्नास? पन्नास. कोणी केलं? बायकोनं. डॉक्टर म्हणाला, मग तूच अंग चोरलं. जो दुखण्याला भितो त्याचाच पाय असा राहतो, असे पुष्कळ पाहिले मी. आता हा इथून पुढं वाकायचा नाही. खेळाच्या मास्तरांनी पाठीवर हात ठेवला आणि पेटी उचलायला शिपाई दिला.

“मी अंग चोरलं असन,” तो बापाला म्हणाला. “मले समजलं नाई.”

मी दारामागं उभी होते. बाहेर जाऊन बोलायचं होतं तर ती वेळ होती. सासूबाईंनी हाक मारली, ताटं घे. मी ताटं घेतली. त्या रात्री मी नीट जेवले, हेही लिहून ठेवते. तो घरी राहणार होता.

आमच्या इकडं वाकत्या गुडघ्यावाचून माणसाचं किती अडतं ते त्यानंतर कळलं. भाताच्या रोवण्याला वाकावं लागतं, चिखलात उकिडवं बसावं लागतं. पंगतीत मांडी घालावी लागते. आंघोळीचा दगड, देवाचा पाट, सगळं जमिनीशी. लग्नात सगळे खाली बसायचे आणि हा स्टुलावर, मांडीवर पत्रावळ घेऊन, एकटा उंच. सकाळी बाहेर जायचं तर बाडीच्या, म्हणजे परसाच्या मागं उंबराच्या फांदीला सासऱ्यांनी दोर बांधून दिला होता, तो धरून. तो दोर दर पावसाळ्यात कुजायचा आणि दर वर्षी नवा बांधावा लागायचा. सासरे गेल्यावर मी बांधायची.

त्या सुमारास गावात शाळा निघाली आणि कॉलेजात दीड वर्ष गेलेला माणूस म्हणून त्याला मास्तर केलं. मास्तर चांगला होता. पोरांना हुतुतू शिकवायचा, स्वतः रेघेबाहेर स्टुलावर बसून. घोटा कसा सोडवायचा, पडताना गुडघा कसा सांभाळायचा. मी त्याच्यापाशी राहायला मिळालं म्हणून सुखी होते का? होते. तो दोर आणि हे सुख, दोन्ही एकाच वेळी असतं. पहिला मुलगाही झाला.

दोन वर्षांनी दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा भरली. दंडारीचे नाच, दुकानं, पाहुणे, आणि दुपारी हुतुतूचे सामने. आमच्या यांना पंच केलं होतं. मी बायकांच्या घोळक्यात, कडेवर मूल. आमच्याच गावचा दामा, यांच्याच हाताखाली तयार झालेला गडी, चढाईत गेला आणि परत येताना त्याचा दम तुटला. यांनी बाद दिला. दामा मान्य करेना. श्वास तुटलाच नाही म्हणाला. हे स्टुलावरून म्हणाले, तुटला, म्या आयकला. दामा रागानं लाल झाला. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाला,

“ज्याच्यानं स्वतःचं दुखनं सोसलं नाई, त्यानं आमचा दम मोजू नये, गुरुजी.”

लोक हसले. मोठ्यानं नाही, गालात. त्यावरून मला कळलं की ही गोष्ट गावात कधीपासून चालत आली होती. फक्त आमच्या तोंडावर कोणी बोललं नव्हतं. यांनी शिट्टी वाजवली आणि दुसऱ्या बाजूला चढाई दिली. माझ्या शेजारची बाई मला म्हणाली, जाऊ दे माय, कोनाकोनाले दुखनं सोसत नाई. सांत्वन करत होती.

दातात बोळा धरून पाठीवरून घाम गाळणारा माणूस मी पाहिला होता. त्या मैदानावर तो फक्त मी पाहिला होता.

दिवस मावळताना हे घरी आले. मी पाय धुवायला पाणी दिलं. सासू-सासरे मंडईतच होते. मी सांगून टाकलं. उभ्यानं सांगितलं, मूल खाली ठेवून. तुमी अंग नाई चोरलं, म्या मोजन्यात चोरी केली.

त्यांनी भांडं खाली ठेवलं. “किती?”

“आठ दिवस पुरे केले. मंग चाळीस. मंग तीस. शेवटी वीस.”

“काऊन?”

“तुमी जाल म्हनून.”

ते अंगणातल्या मुलाकडं पाहत होते. तो माती खात होता, मी त्याच्या तोंडातून काढली. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर मी एक शब्द काढला नसता. मी म्हणाले, मी उद्या चावडीत जाऊन सांगीन सगळ्यांले. तेव्हा ते बोलले.

“कोनालेच सांगू नको. मले भित्रा म्हनतात, म्हनू दे. हे समजलं तर तुले काय म्हनतील ते तुले माईत हाये. त्या पोराले जलमभर आयकावं लागन, याच्या मायनं याच्या बापाचा पाय खाल्ला.”

मग त्यांनी पाय धुतले. एक धुतला, दुसरा मी धुवायला वाकले तर त्यांनी तो मागं घेतला.

त्यानंतर आम्ही जवळजवळ पन्नास वर्षं संसार केला. आणखी तीन मुलं झाली. हे माझ्याशी कधी वाईट वागले नाहीत, माझं बोलणं कधी तोडलं नाही, पारू म्हणायचेही, कधीकधी. पण तो गुडघा त्यांनी मला परत हात लावू दिला नाही. थंडीत दुखायचा. तेल मी गरम करून द्यायची, वाटी घ्यायचे आणि स्वतः चोळायचे. हात पोचेनासा झाला तेव्हा मुलाला हाक मारायचे. मी तिथंच बसलेली असायची, शेंगा सोलत. मुलांना वाटायचं बापाला लाज वाटते.

रागावून करत होते का, शिक्षा म्हणून? मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं राग नव्हता. एकदा ज्या हाताखाली डोळे मिटून पडले होते त्या हाताखाली परत डोळे मिटणं त्यांच्यानं होत नव्हतं. माणूस ठरवून तसं करत नाही. अंगच करतं.

मला मुलींनी विचारलं की आई, तू इतकी कोरडी कशी, बाबा गेले तेव्हाही फार रडली नाहीस. काय सांगणार. माझ्याजवळ रडण्याचा हक्क होता की नाही तेच मला ठरवता आलं नव्हतं. ते गेले तेव्हा शाळेत सभा झाली. जुने विद्यार्थी बोलले. गुरुजींनी खेळाडू घडवले. एकजण म्हणाला, गुरुजींना स्वतःला वेदना सहन झाली नाही, पण आम्हाला त्यांनी ती सहन करायला शिकवलं. छान बोललो असं त्याला वाटलं. टाळ्या पडल्या. मी पुढच्या खुर्चीवर, गळ्यात सभेवाल्यांनी घातलेला हार. मी बोलले नाही. सांगू नको म्हणाले होते.

ज्या पोराला ऐकावं लागलं असतं तो मोठा मुलगा मागच्या वर्षी गेला. सत्तरीच्या अलीकडं पलीकडंच होता. त्याच्या जागी आता ऐकायला कोणी उरलं नाही. नातवंडांना आजीचा असला दोष म्हणजे नुसती एक गोष्ट. सांगू नको म्हणायचं कारण संपलं, असा मी अर्थ लावला आहे. चुकीचा असेल. त्यांना विचारून ठरवायची सोय नाही, आणि खोटं रिकामं सूप दाखवायची मला जुनी सवय आहे, तेव्हा हाही अर्थ मी माझ्या सोयीनं लावला असेल. तरी लिहिलं आहे.

नाव त्यांचं गेलं ते गावात, तर परत यायचं तेही गावातच यायला हवं. दामा अजून आहे. मारुतीच्या पाराजवळ घर आहे त्याचं, दिवसभर ओट्यावर बसतो. हे छापून आलं की मी त्याच्याकडं स्वतः घेऊन जाणार आहे. त्याला आता फार कमी ऐकू येतं, त्याच्या सुनेला ओरडून वाचावं लागेल. सकाळी जाईन, लोक चहाला पारावर असतात तेव्हा.

आणि ते चाळीस, तीस, वीस आलं की तिला म्हणेन, हे परत वाच, दामाजीला नीट ऐकू आलं नसेल.